परसटोल्याला गाडी एक मिनिट थांबते

निवृत्त झाल्यावर लोक चार धाम करतात, मी हॉल्ट स्टेशनं करते. हॉल्ट म्हणजे जिथे स्टेशनमास्तर नसतो, चहाचा स्टॉल नसतो आणि गाडी थांबली म्हणेपर्यंत सुटलेली असते. चिपळूणच्या एका कॉलेजात मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. ज्याची नोंद नाही ते पुस्तकच नाही, ही शिस्त अंगात मुरलेली. त्यामुळे कुठल्याही हॉल्टवर गेले की मी आधी त्याचा पहिला कागद शोधते. गाडी इथे पहिल्यांदा का थांबली, अर्ज कोणी केला, सही कोणाची. बहुतेक ठिकाणी काहीतरी मिळतं. कुठे ग्रामपंचायतीच्या कपाटात पिवळा पडलेला अर्ज, कुठे कोणाच्या ट्रंकेत उद्घाटनाची पत्रिका. या सगळ्याच्या वह्या भरतात. त्या वाचणार कोण, असं माझी बहीण विचारते. मी पुढची नवी वही आणते.

आणखी एक नियम मी पाळते. आपण बघायला आलोय, बघावं आणि निघावं. गावाच्या भानगडीत तोंड घालू नये. भंडारा जिल्ह्यातल्या परसटोल्याला मी तो मोडला. तुम्ही काही तिथे जाणार नाही, आणि जाण्यासारखं तिथे फारसं काही नाहीही, म्हणून जे घडलं ते सविस्तर सांगते.

वरठी, कारधा

भंडारा रोड स्टेशनात उतरले तर भंडारा कुठेच नव्हता. गावाचं नाव वरठी. भंडारा तिथून पुढे, रिक्षाने जायचं. या जिल्ह्यात स्टेशनाच्या नावापुढे ‘रोड’ दिसला की समजावं, गाव अजून लांब आहे. तुमसर रोडचंही तेच. आमच्या कोकणातही स्टेशनं गावापासून दूर टाकली आहेत, पण नावात कोणी तशी कबुली दिलेली नाही. उतरलेला माणूस डोंगराकडे बघत राहतो.

रिक्षावाल्याला परसटोल्याचं विचारलं. तो म्हणाला, “त्या हालटवर? तिथं कायले जाता म्याडम, काई नाई तिथं.”

“स्टेशन आहे ना?”

“आहे अजून. आता मोजनी होऊन राहिली म्हनते. राह्यते का जाते, पाहा लागन.”

मोजणी कसली, ते त्याला ठाऊक नव्हतं. भंडाऱ्यात लॉजवर सामान टाकलं आणि संध्याकाळी पुलावरून कारध्याला गेले. थंडीचे दिवस होते. वैनगंगा एवढी रुंद आणि संथ की वाहते आहे की नुसतीच बसली आहे, कळेना. आमची वाशिष्ठी भरती-ओहोटीच्या तंत्राने चालते आणि पावसाळ्यात घरात शिरते, तिला असा निवांतपणा माहीत नाही. कारध्याच्या एका टपरीवर आलुबोंडा मागवला, तर त्याने बशीतल्या बोंड्यावर पळीभर लालभडक तर्री ओतली. मी वडा कोरडा खाणारी बाई. तोंड धरून अर्धा तास पाणी पीत होते आणि टपरीवाला कौतुकाने बघत होता. त्याला वाटलं, मला आवडला म्हणून डोळ्यांत पाणी आलं.

परसटोला

दुसऱ्या दिवशी सकाळी वरठीहून गोंदियाकडे जाणारी लोकल धरली. नागपूर ते गोंदिया प्रत्येक स्टेशनाला थांबत जाणाऱ्या गाडीला इथे लोकल म्हणतात. गर्दी बेताची, माणसं बोलकी. एकाने मी विचारायच्या आत शेंगदाण्यांचा पुडा पुढे केला. फक्त एक गोष्ट मला कोणी सांगितली नाही. परसटोल्याचा फलाट तीन डब्यांपुरता आहे, गाडी आठ डब्यांची, आणि मी होते सहाव्यात.

दारात आले तर खाली फलाट नाही, नुसती खडी. “उडी नोका मारू, म्याडम!” असं लांबून कोणीतरी ओरडलं, पण तोवर मी मारली होती. गुडघा फुटला. ओरडणारा गृहस्थ धावत आला. पन्नाशीचा, स्वेटर घातलेला, गळ्यात दुपट्टा, काखेत तिकिटांची पेटी. हे भाऊराव. रेल्वेचे नोकर नव्हेत, पण हॉल्टवरची तिकीटविक्री त्यांच्याकडे. लाल सिग्नलही नाही, हिरवी झेंडीही नाही. परसटोल्याची रेल्वे म्हणजे भाऊराव आणि त्यांची पेटी.

“पाहून बसा लागते जी,” माझ्या गुडघ्यावर पाणी ओतत ते म्हणाले. “आमचे लोक वरठीलेच पुढच्या डब्यात चढते.”

मी आल्याचं कारण सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. पाहुणा आला एवढंच त्यांच्या लेखी पुरेसं होतं. माझा मुक्काम त्यांच्याच घरी, हे त्यांनी ठरवूनही टाकलं.

रुळांच्या एका बाजूला तलाव, दुसऱ्या बाजूला धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्या. बांधी म्हणजे धानाच्या शेताचा लहान तुकडा, चारी बाजूंनी मातीचा काठ असलेला. मधूनमधून पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाचे ढीग, रचलेले. फलाटावर पत्र्याचं एक शेड, एक पाटी, एक बाक. मी वही काढली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, हे स्टेशन कधी झालं?

“झालं म्हनजे, कोनी केलं नाई जी. होऊन गेलं.”

भाऊरावांनी सांगितलेली हकीकत अशी. इथे पूर्वी सिग्नल होता. मालगाड्यांची वर्दळ फार, म्हणून पुढची लाईन मोकळी होईपर्यंत पॅसेंजर इथे ताटकळायची. लोक आयत्या उभ्या राहिलेल्या गाडीत चढू लागले. एक चढला, दोन चढले, मग गाडी कधी उभी राहते हे बघून लोक धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, येऊन बसू लागले. पुढे कधीतरी रेल्वेने हॉल्ट मंजूर केला. पण फलाट नव्हता. तेव्हा गावाने फलाट बांधला, आणि बांधला तो तलावाची पाळ बांधतात तसा. इथल्या शेतकऱ्याला दुसरं काही येवो न येवो, पाळ बांधता येते. मातीचा थर, पाणी, त्यावर बैलांच्या जोड्या फिरवायच्या, पुन्हा थर. दगडी काठ आणि पाटी रेल्वेने मागाहून लावली.

“म्हून हा फलाट नोहे, पाळच आहे,” भाऊराव पायाने माती दाबून म्हणाले. “इतक्या वर्सांत एक भेग नाई गेली.”

“याचा कागद?”

“पंचायतीत होता म्हनते. वाळवीनं खाल्ला.”

तेवढ्यात बाकावर बसलेली बाई म्हणाली, “सिग्नल-बिग्नल काई नाई. माह्या सासूनं थांबवली गाडी.”

ही कौसाबाई. गाव तिला कौसामाय म्हणतं. साठीची, काटक, नऊवारी गुडघ्याच्या जरा खालीच. घर तलावाच्या काठावरचं, ढिवरांचं. नवरा आणि मुलगा तलावात जाळं टाकतात आणि ती मासोळी कामठीच्या बाजारात नेऊन विकते. सकाळच्या लोकलने जायचं, दुपारच्या गाडीने परत. त्या दिवशीही ती बाजारालाच निघाली असेल असं मला वाटलं, पण गाव त्या दिवशी तलावात उतरलं नव्हतं. ती नुसती येऊन बसली होती. गाडी थांबते का ते बघायला.

तिची हकीकत भाऊरावांपेक्षा चटकदार होती. सिग्नलला उभ्या गाडीच्या इंजिनाजवळ तिची सासू मासोळीची टोपली घेऊन गेली. ड्रायव्हरला दोन मरळ दिल्या. दुसऱ्या दिवशी सिग्नल मोकळा होता, तरी गाडी थांबली.

“याचा पुरावा काय?” मी विचारलं.

“पुरावा कायचा? त्यानं खाल्ली ना मासोळी.”

मी दोन्ही हकीकती वहीत लिहिल्या आणि समोर ‘कागद नाही’ असा शेरा मारला.

शून्य

दुपारी भाऊरावांच्या घरी जेवायला बसले. भात, लाखोरीची डाळ, आणि अंबाडीत शिजवलेले तलावातले बारीक झिंगे, म्हणजे कोळंबी. मासा म्हणजे समुद्राचा, तळ्यातल्याला मातीचा वास येतो, हे मत मी चिपळूणहून सोबत आणलं होतं. दुसऱ्यांदा झिंगे वाढून घेताना ते मी कोणाला सांगितलं नाही.

मोजणीचं जेवताना कळलं. साथीच्या काळात सगळ्या गाड्या बंद पडल्या. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा परसटोल्याचा थांबा गेलेला. दोन वर्षं लोकल शिट्टी मारून समोरून निघून जायची. कामावर जाणारे मोटरसायकलने वरठी गाठू लागले. मासोळी विकणाऱ्या सहा बायकांपैकी पाच जणींनी धंदा सोडला. कौसाबाई डोक्यावर गंज घेऊन, म्हणजे अॅल्युमिनियमचं मोठं पातेलं घेऊन, रुळांकडेने वरठीपर्यंत चालत जायची. दीड तास. बसमध्ये मासोळीच्या वासाने लोक तोंड फिरवतात, त्यामुळे तो मार्ग नाहीच. अर्जविनंत्या झाल्या आणि सहा महिन्यांपूर्वी थांबा परत मिळाला, पण प्रायोगिक. माणसं चढतात का ते बघून कायमचं ठरणार. तिकिटांवरून कळत नाही, कारण महिन्याचा पास वरठीलाच निघतो आणि पासवाले वरठीचे धरले जातात. म्हणून माणूस पाठवून मोजणी.

“मग झाली का मोजणी?”

भाऊराव ताटात बघू लागले. त्यांची बायको शेवंताबाई पदर तोंडाला लावून हसू लागली. कौसाबाई दारात बसली होती, तिने सांगितलं.

“झाली ना बाई. शून्य आले.”

झालं असं. महिन्यापूर्वी मोजणीचे साहेब येणार म्हणून निरोप आला. साहेब म्हणजे पाहुणा. आणि परसटोल्याची रीत अशी, की पाहुणा दारात असताना घरातल्याने गावाला जायचं नाही. फार वाईट दिसतं. तेव्हा त्या दिवशी गाव झाडून थांबलं. नोकरीवाल्यांनी सुट्ट्या टाकल्या. कौसाबाईच्या घरची सगळी मासोळी बाजाराऐवजी भाऊरावांच्या चुलीवर चढली. फलाटावर रांगोळी घातली. सकाळची लोकल आली, साहेब वही घेऊन उभे, शंभर माणसं त्यांच्याभोवती हात जोडून उभी, आणि गाडीत एकही जण चढला नाही. साहेबांनी विचारलं, कोणी जात का नाही? तर गाव म्हणालं, तुमाले सोडून कसं जाचं जी?

साहेब पोटभर जेवले आणि शून्य लिहून गेले.

मला एवढं हसू आलं की घास अडकला. मग कौसाबाईकडे पाहिलं. ती हसत होती, पण पुढचं सांगताना हसली नाही. गावाने हातापाया पडून दुसरी मोजणी मागून घेतली होती. ती परवावर आली होती.

“आणि नाही जमलं तर?” मी तिला विचारलं.

“तं टोपलं उतरवाचं,” ती म्हणाली. इथल्या बायका स्वतःविषयी बोलतानाही ‘मी जातो, मी खातो’ म्हणतात. “आता मी वरठीपर्यंत नाई चालू शकत. गुडघे गेले. दोन वर्सं चाललो, तवाच गेले. घरात तिघं मानसं अन् ताजी मासोळी, विकाची कोनाले? गावात तं सारेच ढिवर, नाई तं मासोळी फुकटात मागनारे.”

शेवंताबाई म्हणाल्या, “आमीच मागतो, सांग ना.”

सल्ला

दुसऱ्या दिवशी अंगणात बैठक बसली. नेहमीचे चढणारे किती, याची गोळाबेरीज चालली होती. पासवाले पंधरा, कौसाबाई एक, कोणाची तब्येत बरी असली तर अजून एखाददुसरा. सोळा माणसांसाठी गाडी कोण थांबवणार? कोणी म्हणालं, साहेबाला पुन्हा जेवायला घालू. भाऊराव त्याच्या अंगावर धावून गेले.

मी पायरीवर बसून वहीत लिहीत होते. गप्प बसायचं होतं, पण ग्रंथालयात एकतीस वर्षं लोकांना गप्प बसवलेल्या बाईला स्वतः गप्प बसता येत नाही.

“तो चढणारे मोजतो ना?” मी म्हटलं. “मग सगळे चढा. तिकीट काढा आणि वरठीला उतरा. यात खोटं काय आहे? तिकीट काढलेला माणूस प्रवासीच.”

भाऊरावांनी मांडीवर थाप मारली. “हे आमाले काहून नाई सुचलं?”

नंतर जे झालं ते माझ्या हातात राहिलं नाही. शेवंताबाईंनी सिहोऱ्याला फोन लावून माहेरचे सोयरे बोलावले. कोणी बपेऱ्याचा जावई बायकोपोरांसकट बोलावला. पाहुणे आले म्हणजे आपण थांबायचं, हा अडथळा भाऊरावांनी सोडवला: पाहुण्यांना बरोबरच घेऊन चढायचं. संध्याकाळपर्यंत अंगणात वीसेक पाहुणे होते आणि मोठ्या पातेल्यात चहा उकळत होता. लग्नघरासारखी धांदल. मला सारखं कोणीतरी येऊन सांगत होतं, म्याडमची अक्कल भारी. मला बरं वाटत होतं, हे कबूल करते.

मोजणी

सकाळी धुकं होतं. साहेब वरठीहून मोटरसायकलने आले, चाळिशीचे, कानाला मफलर गुंडाळलेला. भाऊरावांनी चहा पुढे केला तर त्यांनी दोन्ही हात वर केले. “चहा बी नोको. मागच्या वेळी जेवलो अन् शून्य लिवून गेलो. दोन दिवस अन्न गोड नाई लागलं मले.” मग फलाटावर लोटलेली माणसं पाहून त्यांनी वहीवर पेन तीनदा आपटलं.

ठेवणीतली लुगडी, इस्त्रीचे सदरे, डोक्याला टोप्या. मी याच गाडीने परत निघाले होते. माझी बॅग शेवंताबाईंनी आधीच ताब्यात घेतली होती. कौसाबाई नेहमीच्या जागी, फलाटाच्या शेवटच्या टोकाला, जिथे तिसऱ्या डब्याचं मागचं दार येतं. पायाशी गंज, वर ओलं पोतं झाकलेलं, हातात चुंबळ. रात्रीच्या जाळ्यात रोहू चांगले लागले होते, गंज काठोकाठ भरला होता.

गाडी आली आणि गाव दारांवर तुटून पडलं. तीन डबे, मोजकी दारं, एक मिनिट. साहेब मान हलवत मोजत होते, पेन नुसतं टिचक्या मारत होतं. मी बाजूला उभी राहून लिहीत होते: दारात अडकलेली टोपी, वरून आत ओढलेलं नातवंड, ‘अंदर सरका, अंदर सरका’ असा भाऊरावांचा आवाज. कौसाबाईच्या दारापाशी सिहोऱ्याचे सोयरे आले. तिने गंज उचलायला वाकलेली पाठ सरळ केली, एक पाऊल मागे सरकली आणि हाताने त्यांना वाट दाखवली.

“पाहुने हायेत. चढू द्या पयले.”

सोयरे चढले. त्यांच्यामागे बपेऱ्याचा जावई चढला. त्याच्यामागे त्याची बायको, पोरं, दोन पिशव्या. मग कौसाबाईने गंज उचलला तेव्हा दारात पाय ठेवायला जागा नव्हती. आतल्यांनी हात पुढे केले, पण गंज माणसांमधून आत जाईना. भोंगा वाजला. गाडी हलली.

आतून कोणीतरी ओरडलं, “कौसामाय राह्यली! चैन खिचा!”

तिने गंज खाली टेकवला आणि दोन्ही हात वर करून ओरडली, “चैन नोको खिचू रे! सायेब लिवून राहिला!”

कोणी साखळी ओढली नाही. गाडी वळणावर गेली आणि धुक्यात दिसेनाशी झाली. फलाटावर तिघंच उरलो. साहेब, कौसाबाई आणि मी. माझी बॅग वरठीला निघाली होती. गावात माणूस नव्हता, तलावावर पाणकोंबड्या तेवढ्या ओरडत होत्या.

कौसाबाईने दम घेतला. मग विचारलं, “किती झाले, सायेब?”

“एकशे सदतीस.”

“बापा!” ती खरोखर खूश झाली. “मले धरून का?”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. “नाई माय. चढले तेवढेच मोजाचे. तुमी चढल्या नाई.”

“बरोबर आहे,” ती म्हणाली. “मी कोटं चढलो.”

साहेबांच्या हातातला तक्ता मी पाहिला. वर परसटोला हॉल्ट, खाली तारीख, गाडी, आकडा, सही. मी दोन दिवस शोधत होते तसाच कागद. या स्टेशनाचा मला दिसलेला पहिलाच. त्यात कधीच न जाणारी माणसं होती, दुसऱ्या गावांची माणसं होती, दीड वर्षाचं नातवंडही बहुधा होतं. या फलाटावरून रोज जाणारी एक बाई तेवढी नव्हती.

मी साहेबांना म्हटलं, एक आकडा वाढवा. ते अवघडून म्हणाले, “कसा वाढवू ताई?” आणि कौसाबाईच म्हणाली, “नोका वाढवू. ते चढले, मी नाई चढलो. खोटं कायले लिवाचं?”

मला तिच्याकडे बघवेना. मी म्हटलं, “कौसाबाई, हे माझ्यामुळे झालं. मीच सांगितलं सगळ्यांना चढायला.”

“तुमच्यामुळं काहून? पाहुने होते, मीच सरकलो बाजूले.” ती खाली बसली आणि पोत्यावर बाटलीतलं पाणी शिंपडू लागली. “फक्त आज मासोळी लय होती, बाई.”

साहेब निघून गेले. पुढची गाडी दुपारी, तोवर बाजार उठलेला असणार. ऊन चढू लागलं तशी तिने डोक्यावर चुंबळ ठेवली आणि मला म्हणाली, उचलू लागा. मी एका कडेने हात लावला. पहिल्यांदा तो गुडघ्यापर्यंतच आला, दुसऱ्यांदा वर गेला. हा गंज घेऊन ती दोन वर्षं वरठीपर्यंत चालत होती, हे मी दोन दिवसांपूर्वी लिहून घेतलं होतं. लिहिताना वजन कळलं नव्हतं.

गाव दुपारी परत आलं, वरठीहून बांध्यांमधून चालत, हसत, माझी बॅग आळीपाळीने उचलत. कौसाबाईने सगळी मासोळी शिजवली होती आणि भाताची भांडी दारात मांडली होती. पाहुण्यांना सिहोऱ्यापर्यंत उपाशी कसं पाठवायचं, असं तिचं म्हणणं. सगळे जेवले. मीही जेवले. भाऊराव तिच्या दाराशी उभे राहिले, आत आले नाहीत. शेवंताबाईंनी त्यांना ताट नेऊन दिलं, ते त्यांनी उभ्यानेच संपवलं. कोणी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

मी दुपारच्या गाडीने निघाले. या वेळी फलाटावर लागणाऱ्या डब्यात चढले.

चिपळूण

घरी आल्यावर वही तशीच पडून होती. परसटोल्याच्या पानावरचा ‘कागद नाही’ हा शेरा खोडावा की ठेवावा, मला ठरवता येत नव्हतं. महिन्याभराने भाऊरावांचा फोन आला. थांबा कायम झाला होता. आदेशाचा फोटोही त्यांनी पाठवला. पेढे वाटले, इंजिनाला हार घातला, ड्रायव्हर खाली उतरून हात मिळवून गेला, सगळं त्यांनी एका दमात सांगितलं.

मी विचारलं, “कौसाबाई जाते का?”

“जाते ना. रोज जाते,” ते म्हणाले. “आता गाडी आली का फलाटावरचा मानूस जागचा हलत नाई म्याडम. पयले कौसामायचा गंज चढते. मंग कौसामाय. मंग बाकीचे. परवा शाळेचा एक नवा मास्तर घाईत होता, आंगोदर चढाले गेला. चार जनाईनं त्याचा दंड धरला.”

“असा नियम केला का गावाने?”

“नेम कोनीच नाई केला जी,” भाऊराव म्हणाले. “लाज वाटते ना.”